पत्ता नसलेला मुक्काम आणि नवव्या पानावरचं कलम

आई-बाबा सांगलीहून फिनिक्सला आले आणि ग्रँड कॅन्यनला आरव्हीने, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, जायचं मी परस्पर ठरवून टाकलं. साउथ रिमवरच्या (दरीच्या दक्षिण काठावरच्या) मॅथर कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आम्ही जागे झालो पाच आठवडे आधी. "हॉटेलं संपली काय गं तुमच्या अमेरिकेतली?" आई म्हणाली. पण मला झाडांत, एकटंच राहायचं होतं. शेजारच्याचा जनरेटर ऐकत झोपायला घरचा एसी आहेच की.

अशी सोय आहे, तीही फुकट. पार्कच्या हद्दीत गाडी वाटेल तिथे लावून झोपता येत नाही, पण हद्द संपली की कैबाब नॅशनल फॉरेस्ट लागतं. तिथे सलग 14 दिवसांपर्यंत राहता येतं. नळ नाही, वीज नाही, संडास नाही. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, आरव्हीवाले बूनडॉकिंग म्हणतात. बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या केंद्रीय खात्याकडे तर सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत, आणि तिथेही बऱ्याच भागात असंच चालतं. जागा शोधणं अवघड नाही. अवघड होती गाडी.

एका मोठ्या कंपनीकडे 25 फुटी क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही) बुक केली, पैसे भरले, मग करार वाचला. (आधी वाचायचा असतो. माहीत आहे.) नवव्या पानावर लिहिलं होतं की डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही. अपवाद एकच, मान्यताप्राप्त कॅम्पग्राउंडकडे जाणारा, नीट राखलेला, मैलभराच्या आतला रस्ता. नियम मोडला तर विमा रद्द आणि टोइंगचा खर्च आपला. त्याच कंपनीच्या जाहिरातीत मात्र गाडी माळावर एकटीच उभी, मागे लाल डोंगर आणि चाकांखाली चक्क माती.

फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, सगळेच नेतात हो. लेखी द्याल का? ते नाही देता येणार. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस.

"कॅम्पग्राउंडचं नाव?"

"नाव नाही. जंगलखात्याची जमीन आहे."

"मग पत्ता सांगा."

"पत्ता नाही. रस्त्याचा नंबर आहे, 688."

बराच वेळ टाइप केल्याचा आवाज. मग म्हणे, पत्त्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही.

तिसऱ्यांदा मी काउंटरवर जाऊन बसले. मॅनेजर जेवायला गेलेले. दीड तासाने आले, नकाशा बघितला, "सुंदर जागा आहे, मी स्वतः जातो तिथे" म्हणाले आणि करारातल्या त्याच कलमावर बोट ठेवलं. त्यांचा राग नाही. राग याचा आहे, की हो किंवा नाही एवढं एक उत्तर मिळायला अकरा दिवस गेले. शेवटी बुकिंग रद्द केलं, 100 डॉलर कापून बाकीचे परत आले. ते 100 अजून डोक्यातून जात नाहीत.

मग आउटडोर्झीवर, म्हणजे लोक आपापल्या आरव्ही भाड्याने देतात त्या साइटवर, एका खाजगी मालकाची गाडी बघितली. त्याला पहिल्याच मेसेजमध्ये विचारलं, फॉरेस्ट रोडवर चालेल का? उत्तर आलं, "रस्त्याचा नंबर पाठवा." दहा मिनिटांत दुसरं आलं: चालेल, पण पाऊस पडला असेल तर आत शिरू नका, तिथली माती चिकट असते. हे त्याने मेसेजमध्येच दिलं, म्हणजे लेखी. तुम्ही भाड्याने घेणार असाल तर आधी हा प्रश्न, मग पैसे.

आता जागा. ॲपवर (आम्ही आयओव्हरलँडर वापरलं) लोकांनी टाकलेल्या खुणा दिसतात, पण त्या सगळ्यांनाच दिसतात, म्हणून तिथेच गर्दी. खरी कामाची गोष्ट म्हणजे जंगलखात्याचा मोटर व्हेइकल यूज मॅप, कुठल्या रस्त्यावर गाडी चालते ते दाखवणारा. फुकट मिळतो, काळा-पांढरा, रूक्ष. मी तो उघडून डोकं धरलं. बाबांची सारी नोकरी भूमी अभिलेखमध्ये गेली, त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, हा तर आपल्या गटाच्या नकाशासारखा आहे. खुणांचा तक्ता कुठाय?" तक्त्यात होतं: रस्त्याच्या कडेला ठिपक्यांची रांग असेल तिथे गाडी आत घेऊन मुक्काम चालतो, किती फुटांपर्यंत तेही तिथेच लिहिलेलं. मग उपग्रहाच्या चित्रात त्याच रस्त्यांवर झाडांमधले फिकट मातीचे गोल शोधायचे. तो गोल म्हणजे कुणीतरी आधी गाडी लावलेली जागा. बाबांनी असे सात काढले.

ॲरिझोनात एक घोळ आहे. स्टेट ट्रस्टची, म्हणजे राज्याच्या ताब्यातली, जमीन दिसायला तशीच मोकळी, पण तिला वेगळा परवाना लागतो. आणि पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम नाही, जनावरं प्यायला येतात.

विल्यम्स गावाहून 64 नंबरच्या हायवेने वर गेलो, पार्कच्या दाराशी असलेल्या टुसायान गावाच्या अलीकडे डावीकडे 688. पहिल्या मैलात गाड्याच गाड्या. आम्ही पुढे गेलो. नवरा उतरून पुढे चालत रस्ता बघायचा, मी मागून गाडी. बाबांच्या यादीतला चौथा गोल मिळाला, नेमका कुठला ते सांगणार नाही. उजेड असतानाच पोचा. अंधारात 25 फुटी गाडी वळवणं म्हणजे शिक्षा, आणि तिथे फोनला रेंज येत-जात असते, नकाशे घरूनच उतरवून ठेवा.

ऑक्टोबरची सुरुवात होती, उंची सहा हजार फुटांच्या वर. रात्री कुठूनतरी गंजलेलं फाटक ओढल्यासारखी लांब शिट्टी आली. आई माझ्या दंडाला धरून बसली. एल्क (मोठं हरीण) नर होता, माद्यांना बोलवत होता. नंतर तीच म्हणाली, दार जरा किलकिलं ठेव, ऐकू दे.

हो, हीटर गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर. तिसऱ्या पहाटे बॅटरी मेली आणि आम्ही सगळे टोप्या घालून चहाची वाट बघत होतो. पाण्याची टाकी निघतानाच भरून घ्या. आणि मैल्याची टाकी रिकामी करायला मॅथरजवळ डंप स्टेशन आहे, हिवाळ्यात बंद असतं. हातमोजे दोन जोड न्या, एक फाटतो.