चरवीच्या मापाचा हेडफोन स्टँड

माझी कंपनी पुण्यातली, खुर्ची मात्र बेळगावातल्या वडगावच्या आमच्या माडीवरची. दुपारी दोनला हेडफोन डोक्यावर चढतो, रात्री अकराला उतरतो आणि उतरला की भिंतीतल्या खिळ्याला लटकतो. पूर्वी त्या खिळ्याला कॅलेंडर असायचं. कॅलेंडर मोबाइलमध्ये गेलं, खिळा मोकळा झाला, एवढाच काय तो विचार त्यामागे.

गेल्या जुलैत एकदा जेवताना आई म्हणाली, "कानाला काजळ कशाला लावलंयस रे?" काजळ नव्हतं, हेडफोनच्या गाद्यांचं काळं रेक्झिन होतं. पोपडे सुटून कानाला चिकटत होते. वरच्या पट्टीचा फोमही मधोमध खिळ्याच्या आकारात दबला होता, आणि ती खाच नेमकी टाळूवर टोचायची.

आमच्याकडच्या पावसाचं कौतुक वाचायला बरं. जुलैत घरातले टॉवेल वाळत नाहीत, चपलांवर पांढरी बुरशी येते आणि पश्चिमेची भिंत हात लावला तर गार, ओलसर लागते. नेमका त्याच भिंतीला हेडफोन टेकलेला. हे रेक्झिन म्हणजे कापडावरचा पॉलियुरेथेनचा पातळ थर. ओल आणि घाम मिळून तो हळूहळू कुजतो. नव्या गाद्या मागवल्या, त्या बसल्याही, खरं पुन्हा त्याच खिळ्याला कसं लटकवायचं?

पहिला स्टँड पुठ्ठ्याचा केला. चार थर, मध्ये फेव्हिकॉल, दिसायला झकास. पाचव्या दिवशी सर्दलेल्या पापडासारखा वाकला. त्या पुठ्ठ्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग चुकून एक शोध लागला. घाईत हेडफोन पूजेच्या तांब्यावर अडकवला आणि खाली गेलो. परत येऊन बघतो तर पट्टी त्याच्या गोल पोटावर अशी बसलेली की कुठंच ताण नाही. तेव्हा लक्षात आलं की हेडफोनला डोकं पाहिजे, खिळा नव्हे. तांब्या दुसऱ्या दिवशी गुरुवार असल्यानं देवघरात परत गेला. जाताना मला चार शब्द ऐकवून गेला, अर्थात आईच्या तोंडून.

आता आधी डोकं मोजायचं होतं. दोन जाड वह्या कानांच्या वर दोन्ही बाजूंनी दाबून धरल्या आणि भाचीला मधलं अंतर मोजायला लावलं. साडेपंधरा सेंटिमीटर. पट्टीच्या वरच्या टोकापासून गादीच्या खालच्या कडेपर्यंत १९ सेंटिमीटर. म्हणजे खांब २६ सेंटिमीटरचा धरला तर गाद्या अधांतरी राहतील आणि वायरलाही दुमडावं लागणार नाही.

शेजारी घराचं बांधकाम चाललं होतं. तिथून चार इंची पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आणि पाऊण इंचीचा एक, असे फुकट मिळाले. चार इंचीचं बाहेरचं माप ११० मिलिमीटर भरतं. त्यातून पाच सेंटिमीटर रुंदीचं कडं कापायचं, कडं मधोमध दोन ठिकाणी चिरायचं, की दोन कमानी तयार. हॅक्सॉ पाइपवर सरळ चालत नाही, गोल फिरून येईपर्यंत काप अर्धा सेंटिमीटर सरकतो. उपाय सोपा आहे. कागदाची सरळ कडेची पट्टी पाइपभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकांची कड एकमेकीवर जुळली की पेनाने रेघ मारायची आणि पाइप फिरवत रेघेवर थोडं थोडं कापत जायचं.

पण ११० मिलिमीटरची कमान माझ्या डोक्याच्या मानानं चिंचोळी. ती फाकवायची होती. आधी गॅसच्या ज्योतीवर धरून बघितली आणि तो मूर्खपणा होता. एक कड तपकिरी झाली, असा वास सुटला की नाक झोंबलं. जळताना पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतं, ते छातीत घेण्यासारखं नाही. पीव्हीसी मऊ व्हायला ८० अंश पुरतात. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर असल्यानं पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं, तरी तेवढं भरपूर झालं.

साचा म्हणून पुन्हा तांब्या आणायला गेलो तर आई दारात उभी. "संडासाचा पाइप तू माझ्या पूजेच्या तांब्यावर ठेवूलालायस?" पाइप नवा आहे, कुठं बसवलेला नाही, हे सांगून उपयोग नव्हता. चार इंची पाइप कशासाठी असतो ते अख्ख्या वडगावला ठाऊक आहे. शेवटी तिनंच माळ्यावरून दुधाची जुनी पितळी चरवी काढून दिली. म्हैस विकल्यापासून ती रिकामीच होती. पोटाचा व्यास मोजला तर १५ सेंटिमीटर. माझं डोकं आणि चरवी यांचं माप जवळपास एक निघालं, यावर बाबा दोन दिवस हसत होते.

कमान दोन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवली, सांडशीनं काढली, टॉवेलनं चरवीच्या पोटावर दाबली आणि वरून गार पाणी ओतलं. पहिल्यांदा लगेच सोडली तर ती पुन्हा मिटली. दुसऱ्यांदा पूर्ण गार होईपर्यंत दाबून बसलो.

बूड सिमेंटचं. शेजारचे गवंडी बैलहोंगलकडचे. ते कन्नडात बोलतात, मी मराठीत, आणि कुणालाच काही अडत नाही. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. मी पाणी ओतत राहिलो तसे ते ओरडले, "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे. आइस्क्रीमच्या डब्याला आतून तेल लावून माल भरला, मधोमध खांब म्हणून पाऊण इंची पाइप रोवला आणि ओळंबा धरून सरळ केला. दुसऱ्या दिवशी डबा काढला, हौसेनं पाइपला धरून उचललं, तर पाइप हातात आणि बूड जमिनीवर. पीव्हीसी इतका गुळगुळीत की सिमेंट त्याला धरतच नाही. गवंड्यांनी न बोलता पाइपच्या खालच्या टोकाला दोन आडवी भोकं पाडली आणि त्यातून दोन खिळे फुलीसारखे घातले. पुन्हा माल, पुन्हा डबा. या वेळी साच्यातून काढून आठवडाभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं. वजन दीड किलोच्या आसपास भरलं. खाली हवाई चपलेचे चार तुकडे चिकटवले, टेबलावर ओरखडे नकोत म्हणून.

कमान खांबाला कशी जोडायची, यावर मी मोबाइलवर शोधत बसलो होतो. बाबांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला. ते उठले, ट्रंकेतून मागाची एक लाकडी कांडी काढली, तिचा बोटभर तुकडा कापला, त्यावर सूत गुंडाळलं आणि पाइपच्या तोंडात ठोकून बसवला. इतका घट्ट की पक्कडीनंही हलेना. मग मी शहाणपणा करून त्यात थेट स्क्रू पिळला आणि कांडी उभी चिरली. दुसरी कांडी देताना बाबा काही म्हणाले नाहीत, फक्त ड्रिल माझ्या हातात दिलं. आधी बारीक भोक, मग स्क्रू.

कमानीवर फोमची पट्टी आणि वर आईच्या फाटक्या वाकळेतला सुती तुकडा, दाभणानं शिवलेला. वर पुन्हा रेक्झिन लावायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. सुती कापड घाम टिपतं आणि वाळतंही. स्टँड भिंतीपासून हातभर लांब, पंख्याच्या वाऱ्याला ठेवलाय. खर्च स्क्रू, फोम आणि फेव्हिकॉल मिळून ८५ रुपये. हॅक्सॉनं अंगठ्याचं साल निघालं, ते वेगळं.

उरलेली दुसरी कमान बाबांनी मागून घेतलीय. खळ दिलेली टोपी रात्री खुंटीला लावली की सकाळी तिला कोपरा येतो, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा लहान भरलं, चौदा सेंटिमीटर. माळ्यावर त्या मापाचं एखादं भांडं आहे का ते आई बघून सांगणार आहे.