डबा उघडायला जिथे कोणी अडवत नाही: बोलोन्यातली एक दुपार

मी टूर मॅनेजर आहे. उन्हाळ्यात मराठी ग्रुप घेऊन युरोपात असते, आणि या कामात सगळ्यात जास्त डोकं कशात जात असेल तर ते जेवणात. तिकिटं, हॉटेलं, बोटी हे सगळं ऑफिसमधून ठरून आलेलं असतं, पण दुपारी दीड वाजता तीस माणसांच्या पोटात काय जाणार हा प्रश्न रोज नव्याने माझ्यासमोर असतो. त्यातही अवघड भाग म्हणजे डबे. आपली माणसं घरून निघताना ठेपले, दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचं असं सगळं बॅगेत भरून आणतात आणि मला ते अगदी बरोबर वाटतं, कारण आठ दिवस पास्ता आणि ब्रेडवर काढणं सत्तरीच्या माणसाला सोपं नसतं. पण रेस्टॉरंटमध्ये बाहेरचा खाऊ टेबलावर काढला की वेटर येऊन उभा राहतो, मग मी जायचं आणि हळूच सांगायचं, काकू प्लीज तेवढं आत ठेवा. मांडीवर पुडी उघडून पोळीला टेबलाखालीच चटणी लावून खाणारी माणसं मी बघितलीयेत. आईच्या वयाच्या बाईला असं खाताना बघून मला आजही कसंतरी होतं.

तर ही गोष्ट जूनमधली. व्हेनिसला मेस्त्रे या उपनगरातल्या हॉटेलातून साडेनऊला निघालो, दुपारचं जेवण फ्लॉरेन्सच्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये, चार वाजता गाइडबरोबर शहर बघणं, असा प्रोग्रॅम. पादोवा मागे पडलं आणि बोलोन्याकडे जाणाऱ्या ए-१३ हायवेवर पुढे अपघात झालेला, गाड्या अक्षरशः पावलापावलाने सरकत होत्या. एरवी दीड-दोन तासांत होणारं अंतर, आम्हाला बोलोन्याच्या जवळ यायलाच पावणेदोन वाजले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी जी प्रवाशांना सहसा माहीत नसते. युरोपात बसच्या ड्रायव्हरने सलग साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास ब्रेक घ्यायलाच लागतो, गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद होते, आणि ट्रॅफिकमध्ये रांगत चालवलेले तासही त्यात धरले जातात. त्यामुळे फ्लॉरेन्सपर्यंत एका दमात जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडून रेस्टॉरंटवाल्याचा फोन, की तीनला किचन बंद, त्यानंतर आलात तर संध्याकाळीच या. त्यात मागच्या सीटवरच्या एका काकांना घाम फुटायला लागला, डायबेटिस, सकाळची गोळी घेतलेली आणि नाश्ता नीट केलेला नव्हता. त्यांना लगेच ज्यूस आणि ग्लुकोजची बिस्किटं दिली, दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले, पण आता जेवण लांबवायचं नाही हे माझ्या मनात पक्कं झालं.

सोपा मार्ग म्हणजे हायवेवरच्या पंपाजवळ थांबणं, सँडविच घ्यायचं, उभ्याने खायचं, निघायचं. मी ते केलं नाही. गाइडला फोन करून फ्लॉरेन्सचा वॉक दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलला, रात्रीचं जेवण साडेआठचं होतंच, म्हणजे मधे चांगले चार तास हातात आले. ड्रायव्हर नापोलीचा, त्याला म्हटलं बोलोन्यात आत घे. टूरिस्ट बस जुन्या गावात जात नाही, त्याने आम्हाला बस स्टँडपाशी पियात्झा व्हेंती सेत्तेंब्रेला उतरवलं आणि तिथून आम्ही चालत निघालो.

ऊन मी म्हणत होतं, पण बोलोन्यात उन्हात चालायला लागत नाही हे त्या शहराचं मोठं सुख. रस्त्याच्या कडेने कमानींचे व्हरांडे, वर लोकांची घरं आणि खाली सगळ्यांना चालायला सावली. जुन्या गावात असे ३८ किलोमीटर व्हरांडे आहेत आणि २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं. पूर्वी विद्यापीठामुळे गावात माणसं वाढत गेली (विद्यापीठ १०८८ चं मानतात), तेव्हा घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले, त्यातून हे उभं राहिलं. आमच्या गुडघेदुखीवाल्या मंडळींनी व्हिया देल इंदिपेंदेन्झाचा पूर्ण रस्ता कुरकुर न करता पार केला, मधे खांबाला टेकून दम खात.

पियात्झा माज्जोरेला, म्हणजे गावाच्या मुख्य चौकात, पोचेपर्यंत सव्वादोन वाजून गेलेले. इटलीत साधारण साडेबारा ते अडीच जेवण, मग किचन बंद, ते थेट संध्याकाळी साडेसातला. दोन-तीन ठिकाणी विचारलं, बुकिंग नसलेली तीस माणसं बघूनच ते नाही म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. तसंही बोलोन्याच्या पारंपरिक मेन्यूत शाकाहाऱ्याला फारसं काही मिळत नाही. तोर्तेल्लिनी म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, तिच्या आत डुकराचं मांस, ती शिजते मांसाच्या रश्श्यात, ताल्यातेल्ले म्हणजे लांब पट्ट्यांचा पास्ता, त्याच्या पिठात अंडं आणि वर खिमा. माझ्या ग्रुपमध्ये एक जैन कुटुंब, काही अंडंसुद्धा न खाणारे आणि बाकीचे सगळं खाणारे.

मग मला ओस्तेरिया देल सोले आठवलं. एका टूरनंतर मधल्या सुट्टीच्या दिवशी मी तिथे एकटी जाऊन आले होते. चौकाच्या बाजूलाच क्वाद्रिलातेरो म्हणून जुना बाजार आहे, अगदी अरुंद गल्ल्या, त्यातल्या विकोलो रानोक्की नावाच्या बोळात ही जागा आहे, १४६५ पासून चालू. तिथे फक्त वाइन आणि पेयं मिळतात. जेवण मिळतच नाही, तुमचं खाणं तुम्ही घेऊन यायचं, लाकडी टेबलावर मांडायचं आणि हवा तेवढा वेळ बसायचं. बाजारातून पाव आणा, घरून डबा आणा, कोणी विचारत नाही. फक्त प्यायला त्यांच्याकडून घ्यायचं, जे पीत नाहीत त्यांनी कृपया बाहेर थांबावं अशी पाटीच आहे.

त्या पाटीमुळे मी ग्रुपला चौकात सावलीत बसवून आधी एकटी जाऊन आले. काउंटरवरच्या माणसाला सगळं खरं खरं सांगितलं, ट्रॅफिकमध्ये अडकलो, म्हातारी माणसं आहेत, काहीजण दारूला हातही लावत नाहीत, पण प्रत्येक टेबलावर बाटली घेऊ. तो म्हणाला टेबलावर बाटली असली की झालं, आणि एवढ्या सगळ्यांना एका जागी बसता येणार नाही, जसं जागा होईल तसं बसा. दुपारची गर्दी ओसरलेलीच होती.

मग बाजार. हे दोन-पाचशे पावलांचं अंतर पण मला तासभर त्यात घालवायला आवडलं असतं. चेरीचा सीझन होता, जवळच्या विन्योलाच्या चेरी, काळपट लाल, त्या भरपूर घेतल्या. टोमॅटो, ऑलिव्ह, काकड्या, पीच. पावाच्या दुकानात मी प्रत्येक पावाला बोट लावून विचारत होते की यात स्त्रुत्तो आहे का, स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, आणि या भागात ती साध्या दिसणाऱ्या पावातसुद्धा असते. इटलीत शाकाहारी माणसाला पाव म्हणजे पाव असं समजून चालत नाही, हे प्रत्येक टूर मॅनेजरने पाठ करायला हवं. ऑलिव्ह ऑइलचा फोकाच्चा मिळाला, मीठ-पाण्याचा साधा पाव मिळाला. चीजचंही तेच. पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, तो त्यांच्या पद्धतीचाच भाग आहे, त्यामुळे मी ते घेतलं पण वेगळं बांधलं आणि कोणी खावं कोणी खाऊ नये ते स्पष्ट सांगितलं. काही मॅनेजर हे सांगत नाहीत, कशाला उगाच, म्हणतात. मला ते पटत नाही, माणूस आपल्यावर विश्वास ठेवून घास तोंडात घालतो. मांस खाणाऱ्यांसाठी मोर्तादेल्ला, म्हणजे इथला डुकराच्या मांसाचा मोठा सॉसेज, घेतला, कागदासारखा पातळ कापून, आणि त्यांचं टेबल पलीकडच्या टोकाला ठेवलं.

आणि मग आम्ही आत गेलो. बाहेर मोठा बोर्ड नाही, दारावरून माणूस सहज पुढे निघून जाईल. आत भिंतींवर जुने फोटो, लांब टेबलं, बाकडी, एका कोपऱ्यात म्हातारे पत्ते खेळत होते. सगळे बसले तरी हात पुढे करेनात. मी सांगितलं, डबे काढा. कोणाचा विश्वास बसेना, सांगलीच्या एक आजी मला म्हणाल्या, "अगं बाई, इथं चालतंय का? परवा त्या वेटरनं केवढं तोंड केलं होतं." म्हटलं आजी, इथे आणलेलंच खायचं असतं, बघा सगळे तेच करतायत. शेजारच्या टेबलावर दोघी बायका कागदात बांधून आणलेलं काहीतरी उघडून बसल्या होत्या, ते बघून त्यांना पटलं. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकणावर नाव कोरलेलं, आणि झाकण उघडून सरळ टेबलाच्या मध्ये ठेवला.

तिथून जे सुरू झालं ते बघत राहावं असं होतं. जैन कुटुंबाने खाकरे काढले, त्यावर टोमॅटोचे काप आणि ऑलिव्ह. फोकाच्च्याला शेंगदाण्याची चटणी आणि वरून ऑलिव्ह ऑइल, हे कोणी आधी केलं माहीत नाही, पण पाच मिनिटांत सगळी टेबलं तेच खात होती, आणि खरंच फार छान लागतं, करून बघा. ज्यांना चालतं त्यांनी पिन्योलेत्तो घेतली, आसपासच्या टेकड्यांतली पांढरी वाइन. डायबेटिसवाले काका दशमी, काकडी, चटणी असं सावकाश जेवले आणि मग मी त्यांची साखर तपासली, ती नीट होती. तेव्हा कुठे मी स्वतः बसले.

शेजारच्या टेबलावरच्या दोघींपैकी थोरली बाई बराच वेळ आजींच्या दशमीकडे बघत होती. शेवटी तिने मला विचारलं, हे लाटतात का? आजींनी लगेच एक दशमी तिच्या हातावर ठेवली. ती बाई खाण्याआधी दोन बोटांत धरून जाडी चाचपून बघत होती, कडेला किती, मध्ये किती. मग तिने सांगितलं की ती कित्येक वर्षं स्फोलिना होती, म्हणजे पास्त्याच्या पोळ्या हाताने लाटणारी, बोलोन्यात हा मानाचा कामधंदा आहे. तिने दोन्ही हात पसरून लाटणं केवढं असतं ते दाखवलं, जवळजवळ मीटरभर. आजींनी टेबलावरची रिकामी बाटली आडवी धरली आणि आपण कशी गोल फिरवत लाटतो ते करून दाखवलं, ती म्हणाली नाही नाही, आणि तळव्याचा जोर पुढे ढकलत कसा द्यायचा ते तिने त्याच बाटलीवर दाखवलं. मी भाषांतर करत होते ते एका क्षणी थांबवलं कारण दोघींना माझी गरज राहिली नव्हती. मनगट दुखतं का, हे आजींनी नुसतं मनगट धरून विचारलं आणि तिने खांद्याकडे बोट केलं.

तिच्याकडूनच ताल्यातेल्लेच्या रुंदीचा विषय निघाला. १९७२ मध्ये बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ताल्यातेल्लाचं अधिकृत माप नोंदवलं गेलंय, शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर, आणि ते माप म्हणजे गावातल्या जुन्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. ग्रुपमध्ये पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी हे ऐकताच मोबाइल काढला, मनोऱ्याची उंची ९७ मीटर आणि वर थोडी, भागिले १२,२७०, उत्तर ७.९ मिलिमीटर. "बरोबर आहे हो!" असं ते एवढ्या आनंदाने ओरडले की पत्तेवाल्यांनीही वळून बघितलं. नंतर ते मुद्दाम त्या मनोऱ्यापर्यंत चालत जाऊन आले, शेजारचा कललेला गारिझेंदा मनोराही बघून आले, आणि आल्यावर पायाच्या खचण्यावर त्यांनी मला बरंच काही समजावून सांगितलं.

आम्ही तिथे अडीच तासांच्या वर बसलो. टूरवर लंचला मी पंचेचाळीस मिनिटं देते, त्यात वॉशरूम धरून. मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं की इटलीत लोक निवांत जेवतात असं जे आपण म्हणतो, त्याला महागडं रेस्टॉरंट, सात कोर्स वगैरे काही लागत नाही. एक टेबल, सोबत आणलेला पाव, एक बाटली, आणि कोणी उठवत नाही याची खात्री, एवढंच लागतं. आणि हे आमच्या माणसांना आधीपासून येतं. आजवर आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याला जागा नव्हती एवढंच. इटली दाखवतो म्हणून पैसे घ्यायचे आणि इटलीतली माणसं दुपारी जशी बसतात तसं त्यांना एकदाही बसू द्यायचं नाही, हे मला आता चुकीचं वाटतं, अगदी मनापासून.

साडेसहाच्या सुमाराला बस पकडली. निघताना त्या बाईने आजींना चेरीची पुडी दिली आणि आजींनी चटणीचा उरलेला डबा तिच्यासमोर रिकामा केला. टेबलं आमच्याच बायकांनी पुसली, कागद-सालं गोळा करून दिली, मला सांगावं लागलं नाही.

सीझन संपल्यावर मी ऑफिसला लिहून दिलं की व्हेनिस ते फ्लॉरेन्सच्या मधे बोलोन्यात चार तासांचा थांबा टाका, बाजारात खरेदीला अर्धा तास, प्रत्येक मॅनेजरला स्त्रुत्तो-रेनेटची छापील यादी, आणि ग्रुप मोठा असेल तर दोन जागांत विभागून बसवा, त्या छोट्या जागेवर तीस माणसं लादू नका. ऑफिसचं म्हणणं, ब्रोशरमध्ये लंच इन्क्लुडेड लिहिलंय, लोकांना स्वतःचा डबा खा असं कसं सांगणार. मी म्हटलं, त्या ग्रुपच्या फीडबॅक फॉर्ममध्ये सगळ्यात आवडलेलं ठिकाण कुठलं या प्रश्नाला काय उत्तरं आलीत ती वाचा. सध्या असं ठरलंय की पुढच्या वर्षी एका बॅचला करून बघायचं. ती बॅच मी मागून घेतलीये.