साखरेची गोळी आणि कॅन्सर : तुम्ही विचारलंत म्हणून

मी पेशींच्या ऊर्जेवर संशोधन करते हे कळलं की देवगडात लग्नकार्यात, तिठ्यावर, एसटीत एकच प्रश्न येतो : मेटफॉर्मिननं, म्हणजे मधुमेहावरच्या साखरेच्या गोळीनं, कॅन्सर मरतो म्हणतात, मग डॉक्टर देत का नाहीत? स्वस्त गोळी म्हणून दडवतात ना?

कोणी दडवत नाही. पेशीतलं इंधन, म्हणजे एटीपी, कमी पडलं की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि एमटॉर या वाढीच्या यंत्रणेला आवर घालतं. मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या इंधनाच्या कारखान्यांचं, काम मंदावून ही टंचाई घडवतं. 2005 मध्ये स्कॉटलंडच्या मधुमेहींच्या नोंदींत ही गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला, तेव्हा मीही हरखले होते. पण प्रयोगशाळेत पेशींना बहुधा जेवढं औषध देतात, तेवढं रोग्याच्या रक्तात पोचतच नाही. शिवाय उपाशी गाठीला तेच एएमपीके तग धरायलाही मदत करतं.

माझी मावशी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर केमो घेत होती. 2018 साल. मधुमेह नव्हता. कोणीतरी सांगितलं म्हणून भात सोडला, मग पेजही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पडवीत मला जवळ बसवून म्हणाली, "बाय, ती साखरेची गोळी माका दी. कायेक होवचा नाय."

मी नाही म्हटलं. वजन उतरलंय, स्तनाच्या कॅन्सरवर या गोळीची मोठी चाचणी चालू आहे, निकाल येऊ दे.

"निकाल येयसर मिया रवाक व्हयी मा?"

यावर मी विषय बदलला. तिच्या मूत्रपिंडाच्या रिपोर्टबद्दल बोलत राहिले, बराच वेळ. तिनं पुन्हा कधी मागितली नाही. 2020 मध्ये ती गेली.

निकाल 2022 मध्ये आला. मधुमेह नसलेले 3649 रुग्ण, पाच वर्षं गोळी. मुख्य प्रश्नाचं उत्तर : फायदा नाही. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. पण त्याच चाचणीत हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत हर-टू नावाचं वाढीचं प्रथिन जास्त असलेल्या, रुग्णांच्या छोट्या गटात फायद्याची खूण दिसली. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना रोज शिकवते. मावशीच्या रिपोर्टवर हर-टू पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं.

2018 ची मी म्हणते, पुरावा नव्हता. मी तिला विचारते, नकाराला तरी कुठे होता? ती म्हणते, अशक्त माणसावर प्रयोग करायचा नसतो. तेही खरंच आहे.

तर, तुमच्या माणसाला साखर असेल आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर चालू ठेवा. नसेल तर माझ्याकडे मागू नका, मी आजही देणार नाही. आणि कृपा करून त्याची पेज तोडू नका.