तिसऱ्या नावाचे गुण

एका विद्यापीठातील पदोन्नतीच्या छाननी समितीवर संगणकशास्त्राचा विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावले होते. अशा बैठकांत संशोधनावर चर्चा होत असेल, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात तज्ज्ञाचा बहुतेक वेळ संशोधनाच्या गुणतक्त्यातले आकडे आणि फायलीतली प्रमाणपत्रे ताडून पाहण्यात जातो.

एका सहायक प्राध्यापिकेच्या प्रस्तावापाशी मात्र गाडे अडले. त्यांचा आलेखांवरील (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांवरील) अल्गोरिदमविषयीचा शोधनिबंध आधी परदेशातील एका चांगल्या परिषदेत स्वीकारला गेला होता आणि नंतर सविस्तर रूपात नियतकालिकात आला होता. आमच्या विषयात खरी कसोटी बहुधा परिषदेतच लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत परदेशातील परिषदेला 7 गुण आहेत, पण ती परिषद कोणती, हे तक्ता विचारत नाही. सहलीची सोय पाहून भरवलेल्या परिषदेलाही तेच 7 मिळतात. विज्ञान शाखेच्या नियतकालिकातील निबंधाचे मूळ गुण 8, पण दोनपेक्षा अधिक लेखक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला त्यांतले 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के मिळतात. बाईंचे नाव तिसरे होते, म्हणून मूळ गुणांतले त्यांच्या वाट्याला 2.4 आले.

सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावे रोमन वर्णानुक्रमाने लावण्याची प्रथा आहे आणि बाईंचे आडनाव ‘व’ने सुरू होते, एवढेच त्या तिसऱ्या क्रमांकाचे कारण होते. मी समितीला आयआयटी कानपूरचे उदाहरण दिले. एखादी संख्या मूळ (अविभाज्य) आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवणारी रीत 2002 मध्ये अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी शोधली, 2004 मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला आणि 2006 मध्ये त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातला मानाचा ग्योडेल पुरस्कार मिळाला. आपल्या तक्त्याने पाहिले तर निव्वळ आडनावामुळे सक्सेनांच्या वाट्याला 30 टक्केच येतील. अध्यक्ष रसायनशास्त्राचे, माणूस सज्जन. त्यांच्या प्रयोगशाळेत पहिले नाव राबणाऱ्याचेच असते. ते म्हणाले, “सर, तुमचं पटतंय, पण लेखापरीक्षणात मी काय दाखवू?” तिघेही प्रमुख लेखक असल्याचे सहलेखकांचे पत्र घ्यावे, ही माझी सूचना इतिवृत्तात तेवढी नोंदली गेली.

बाईंची बढती झाली, पण ती इतर निबंधांच्या जोरावर. माहितीच्या तयार संचावर संगणकाची तयार प्रारूपे (मॉडेल) चालवून कोणती किती टक्के अचूक ठरली, एवढेच सांगणारे ते दोन लेखकांचे निबंध होते आणि दोनच लेखक असले की दोघांनाही प्रत्येकी 70 टक्के मिळतात. त्यांचे सर्वोत्तम काम त्यांच्याच फायलीत सर्वांत हलके ठरले.

नंतर त्यांनी मला विचारले, “सर, पुढच्या निबंधात माझ्या विद्यार्थिनीचा एक लेमा, म्हणजे मुख्य सिद्धतेला लागणारं छोटं प्रमेय, आहे. तिचं नाव घातलं की आम्ही तिघं होतो. काय करू?” नाव घालाच, असे मी सांगितले. ते सांगताना माझे काहीच जात नव्हते, कारण मी प्राध्यापक होऊन बराच काळ लोटला आहे. त्यांची मात्र पुढची पायरी अजून बाकी आहे.