स्क्रीनवर १५ टक्के, बॅटरी मात्र बंद

२०२२मध्ये गुजरातमधलं मोढेरा सौरग्राम म्हणून जाहीर झालं. सूर्य मावळल्यावर गावाला वीज देणाऱ्या तिथल्या १५ मेगावॅट-तासांच्या बॅटरीबद्दल वाचलं, तेव्हापासून मला हेच काम करायचं होतं. मागच्या मे महिन्यात संधी आली. बडोद्याजवळ वाघोडियातल्या एका कारखान्यात २ मेगावॅट-तासांची बॅटरी ११ केव्हीच्या (किलोव्होल्ट) लाइनला जोडायची होती.

परवानगी, मीटर, बिघाड होताच लाइन तोडायला लावणाऱ्या रिलेचं टेस्टिंग सुरळीत पार पडलं. अडलो ते कपॅसिटी टेस्टला, म्हणजे बॅटरी खरंच किती वीज देते या चाचणीला. पूर्ण चार्ज करून डिस्चार्ज सुरू केला, तर १.८ मेगावॅट-तासांवर सिस्टिम बंद. स्क्रीनवर अजून १५ टक्के शिल्लक! दोन दिवस मी इन्व्हर्टरची सेटिंग्ज तपासत बसलो.

रविवारी दांडिया बाजारात शेजारचे काका भेटले. सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून त्यांची हयात गेली. तिथली ११० व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे ५५ सेल. अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन ते एकेक सेल बघायचे. मी टक्के सांगायला लागलो तसं त्यांनी थांबवलं. “ते राहू दे रे. सगळ्यात कमजोर सेल कुठला, ते सांग.”

मला सांगता आलं नाही.

आमच्याकडे ६ रॅक, प्रत्येकात ४१६ सेल, ५२-५२ सेलांच्या आठ पेट्यांत, म्हणजे मॉड्यूलमध्ये. सोमवारी लॉगमधून शेवटच्या मिनिटांची व्होल्टेज काढली. चौथ्या रॅकमधल्या एकाच मॉड्यूलचे ५२ सेल सगळ्यांच्या आधी २.८ व्होल्टला टेकले होते. सेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक तळाला गेला की अख्खा रॅक थांबतो, आणि त्याच्याबरोबर आमची सिस्टिमही. चार्जिंगलाही तेच: बाकीचे भरले की थांबतं, हे मॉड्यूल अर्धपोटीच राहतं. एरवी हे दिसत नाही, कारण आमच्याकडचा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचा सेल अर्धा भरलेला असो की पाऊण, व्होल्टेज ३.३च्या आसपासच. स्क्रीनवरचे टक्के रॅकमधून गेलेला करंट मोजून काढलेले. एकट्या सेलचं दुखणं त्यांना कळत नाही.

चौकशी केली तेव्हा समजलं, ते मॉड्यूल बदली म्हणून आलेलं, गोदामात बराच काळ पडून होतं. वेगळा चार्जर लावून ते एकटंच भरलं. एक मॉड्यूल म्हणजे १६६ व्होल्ट डीसी, तेव्हा रबरी हातमोजे आणि मॅटशिवाय कुणालाच जवळ येऊ दिलं नाही.

पुन्हा चाचणी घेतली. २.०६ मेगावॅट-तास! संध्याकाळी काकांकडे गेलो, आकडा सांगितला.

“आणि कमजोर सेल?”

“दुसरा रॅक, सातवं मॉड्यूल, सतरावा सेल, काका.”