थर्मल कॅमेऱ्याची नोंद: कापूस वेचणीपासून होळीपर्यंत

मागच्या हिवाळ्यात मामाजींच्या विहिरीवरची ५ एचपीची मोटर जळाली. त्याच्या आठच दिवस आधी मी त्यांचा स्टार्टर थर्मल कॅमेऱ्यानं पाहून सगळं ठीक असल्याचं सांगून आलो होतो. बी फेजच्या किटकॅट फ्यूजची लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) स्क्रीनवर ३८ अंश दाखवत होती. तीच लग जळाली, एक फेज गेला, मोटर दोन फेजवर घुरघुरत राहिली आणि वाइंडिंग गेलं. गहू ओंबीवर होता. रिवाइंडिंग होऊन मोटर परत बसेपर्यंत सहा दिवस पाणी चुकलं. मामाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण तो ३८ चा आकडा मला झोपू देत नव्हता. या हंगामात मी मुख्यतः त्याच आकड्याचा छडा लावला.

माझा कॅमेरा मोबाईलच्या टाईप-सीला लागणारा, २५६ गुणिले १९२ बिंदूंचा आहे. तो तापमान थेट मोजत नाही. वस्तूकडून येणारं ८ ते १४ मायक्रॉनचं प्रारण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. घोळ इथेच आहे. पीव्हीसीचं आवरण, रबर, रंग दिलेला पत्रा, आपली कातडी हे सगळं स्वतःची उष्णता जवळपास पूर्ण बाहेर टाकतं. यांची उत्सर्जकता ०.९ च्या वर असते. घासून चकचकीत केलेलं तांबं किंवा अॅल्युमिनियम मात्र ०.०५ ते ०.१ मध्येच अडकतं. उरलेलं सगळं आजूबाजूचं प्रतिबिंब. मामाजींची लग नवी, चकचकीत होती. मी वाचलेले ३८ अंश बहुतेक माझ्याच अंगाचे आणि कोठ्याच्या भिंतीचे होते.

म्हणून या वेळी दिवाळीनंतर पहिलं काम हेच केलं. मेन स्विच पाडला, टेस्टरनं तिन्ही फेज मेले आहेत याची खात्री केली, आणि गावच्या वायरमनदादांच्या हातून प्रत्येक लगवर साध्या इलेक्ट्रिक टेपचा बोटाच्या पेरभर तुकडा चिकटवून घेतला. टेपचा रंग कोणताही चालतो. आपल्या डोळ्याला दिसणारा काळा-पांढरा भेद या लांब लहरींना नसतो, पांढरी टेपही तितकंच खरं सांगते. विल्यम हर्शेलनं १८०० साली प्रिझमच्या लाल पट्ट्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून ही अदृश्य किरणं शोधली, तेव्हा त्यानं थर्मामीटरचे बल्ब काळे केले होते, ऊन शोषून घ्यावं म्हणून. सव्वादोनशे वर्षांनंतर विहिरीच्या काठावर टेप लावताना मला ते आठवलं आणि फार बरं वाटलं.

टेप लावता येत नसेल तर लगकडे पाहूच नका. लगला लागून असलेल्या वायरच्या पीव्हीसीकडे पाहा. जोड ढिला असेल तर वायर लगजवळ सगळ्यात गरम आणि पुढे हळूहळू थंड होत गेलेली दिसते. वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच गरम असेल तर जोड चांगला आहे. वायर बारीक आहे नाही तर लोड जास्त आहे. या एका खुणेवर मी आता सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो.

आणखी एक: रात्रीची लाईन असेल तेव्हा मोटर सुरू होऊन निदान अर्धा-पाऊण तास झाल्यावरच पाहायचं. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे करंट निम्मा तर उष्णता चौथाई. टाँग टेस्टरनं (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेजचे अँपिअर लिहून ठेवल्याशिवाय फोटो काढणं मी बंद केलं आहे. नुसत्या फोटोचा दोन महिन्यांनी काहीच अर्थ लागत नाही.

जिनिंगचं काम मात्र मनासारखं झालं. तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये ओळखीचे फिटरकाका आहेत. २४ डबल रोलरचे रेचे (कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं), दोन ओळींत, सगळे एकाच जातीचे, सगळ्यांवर सारखा कापूस. आपल्या छंदाला यापेक्षा चांगली शाळा नाही. एकट्या बेअरिंगचं तापमान ६० आहे म्हणून काय समजायचं? पण बाकीची ४८ ते ५५ मध्ये असताना एक ७४ वर असेल तर विचारावंच लागतं. सतराव्या रेच्याचं तसंच निघालं. मी म्हटलं बेअरिंग गेली. काकांनी हात लावून पाहिला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावली.

"आवाज साफ हाय. काल पोरानं ग्रीस ठासून भरलं असन. पाय आता."

झाकण काढलं तर खरंच ग्रीस काठोकाठ. जास्तीचं ग्रीस बेअरिंग स्वतःच घुसळत राहते आणि तापते. अर्धं काढून टाकल्यावर दुसऱ्या दिवशी ५३. कॅमेरा गरम काय आहे ते सांगतो. का गरम आहे ते काकांच्या कानानं सांगितलं. तिथल्याच एका मोटरच्या पंख्याच्या जाळीवर रुईचा गादीसारखा थर बसला होता आणि अख्खी बॉडी सारखीच तापलेली. झाडून घेतल्यावर तासाभरात उतरली. कापसाच्या ठिकाणी गरम बेअरिंग म्हणजे आगीची भीती, त्यामुळे मालकांनीही आता दर सोमवारी येऊ द्यायचं कबूल केलं आहे.

चकचकीत स्टीलच्या झाकणांवर तिथे बरेचदा गरम ठिपके दिसतात. दोन पावलं बाजूला सरका. ठिपका तुमच्यासोबत सरकला तर ते प्रतिबिंब, जागेवर राहिला तर खरी उष्णता.

डीपीचं (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचं) बरेच जण विचारतात. माझ्या लेन्समधून १ मीटरवर एक बिंदू साधारण ४ मिलिमीटरचा पडतो आणि आकडा खरा हवा तर निदान तीन बिंदू रुंद जागा लागते. ६ मीटर उंचीवरच्या जंपरसाठी (जोड-तारेसाठी) म्हणजे सात सेंटिमीटरची जागा. लग तेवढी नसते, मग मागचं थंड आभाळ आकड्यात मिसळतं. खालून फक्त एक फेज बाकी दोन्हींपेक्षा उजळ आहे का एवढंच कळतं. तसं दिसलं तर लाईनमनला कळवायचं. स्वतः चढायचं नाही.

सोलर पंपाचं एकच उदाहरण देतो. चुलतभावाच्या वावरात एका पॅनलचा उभा तिसरा हिस्सा बाकीपेक्षा ५ अंशांनी गरम पट्ट्यासारखा दिसला. पॅनलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड (अडलेल्या सेलना वगळून करंटला वाट देणारे भाग) असतात; एका डायोडखालचे सेल बाजूला पडले की त्यांची वीज पंपाला न जाता उष्णता होऊन बसते. डायोड खराब म्हणून कंपनीला फोन करणार तेवढ्यात भावानं बोट दाखवलं: तुरीचा शेंडा खालच्या कोपऱ्यावर सावली टाकत होता. शेंडे खुडले, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पट्टा गायब. काच या किरणांना आरपार जाऊ देत नाही आणि आभाळ दाखवते, म्हणून मी शक्यतो पॅनलच्या पाठीकडून पाहतो, पंप चालू असताना, लख्ख उन्हात.

आता मामाजींच्या स्टार्टरचं. परवा टेपवर वाचलं: आर ४९, वाय ५०, बी ६८. तिन्ही फेज ७ अँपिअरच्या आसपास. इलेक्ट्रिकल टेस्टिंगवाल्यांच्या ‘नेटा’ (NETA) या संघटनेच्या तक्त्यात सारख्या लोडखालच्या सारख्या भागांत १ ते ३ अंशांचा फरक असेल तर शंका, ४ ते १५ असेल तर दोष बहुधा आहेच, १५ च्या वर गेला तर ताबडतोब दुरुस्ती. इथे १८. पुन्हा तोच फेज. लाईन बंद करून उघडलं तर अॅल्युमिनियमची वायर सरळ तांब्याच्या लगमध्ये दाबलेली, आत पांढरी भुकटी. रिवाइंडिंगच्या वेळी घाईत तशीच जोडली गेली होती. वायरमनदादांनी बायमेटल लग (एका बाजूनं अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूनं तांबं) लावली, नीट क्रिम्प केली, म्हणजे दाबून घट्ट बसवली.

काल रात्री लाईन आल्यावर पाऊण तासानं आम्ही दोघं बॅटरी घेऊन गेलो. आर ४९, वाय ५१, बी ५०. मामाजींनी स्क्रीन पाहिली नाही, "तू सांग, बापू, मी लिहितो" म्हणाले आणि तिन्ही आकडे तारखेसकट खडूनं स्टार्टरच्या दारावर आतल्या बाजूनं लिहिले.