७डी की डी७०००? जुना कॅमेरा घेताना आलेला माझा अनुभव

मिररलेसचे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचे, भाव बघून मी गुमान जुन्या, आरशाच्या डीएसएलआरकडे वळलो. बजेट वीस हजार, आणि त्यातच लेन्सही बसवायची. फोटो काढायचे होते ते मुख्यतः दोन गोष्टींचे: शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल आणि पेठेतल्या तालमीतली कुस्ती. एक चारच्या उन्हात चालतो, दुसरी पहाटे ट्यूबलाइटखाली. दोन्हींना पुरेल असा कॅमेरा वीस हजारांत मागणं जरा जास्तच होतं, पण कोल्हापुरात राहून या दोन्हींतलं सोडायचं काय?

सल्ल्यांना तोटा नव्हता. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि खरी कॉर्नरला ज्या गावानं कॅमेऱ्याचं स्मारक उभं केलं, तिथं कॅमेऱ्याबद्दल मत नसलेला माणूस शोधूनही सापडत नाही. आमच्या मित्रांत कॅननवाले आणि निकॉनवाले हे पाटाकडील आणि खंडोबा या इथल्या फुटबॉल संघांच्या समर्थकांसारखे आहेत. समोरच्याचं ऐकायचं नाही हे आधीच ठरलेलं. त्यामुळे सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी दोन नावं वहीत उरली: २००९ सालचा कॅनन ७डी आणि २०१० सालचा निकॉन डी७०००.

कागदावर फुटबॉलसाठी ७डी सरळ पुढे होता. सेकंदाला आठ फ्रेम, फोकसचे १९ पॉइंट आणि ते सगळेच्या सगळे क्रॉस-टाइप, म्हणजे उभी आणि आडवी अशा दोन्ही रेषा पकडणारे. डी७००० ला पॉइंट ३९, पण त्यातले क्रॉस-टाइप फक्त मधले नऊ, आणि वेग सेकंदाला सहा फ्रेम. त्याहून मोठा फरक बफरचा, म्हणजे कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो धरून ठेवणाऱ्या मेमरीचा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मोठ्या मूळ फाइलमध्ये, बटण दाबून धरलं तर डी७००० दहाएक फोटोंत दमतो. ७डी आधी १५ पर्यंत जायचा. कॅननने २०१२ मध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं आणि तो २५ वर गेला. तीन वर्षं जुन्या कॅमेऱ्याला कंपनीनं असं काही फुकट द्यावं, हे मला आजही भारी वाटतं.

डी७००० ची बाजू सेन्सरची. मेगापिक्सेल कमी, १६.२ विरुद्ध १८, पण सोनीनं बनवलेला त्याचा सेन्सर अंधाऱ्या भागातला तपशील जास्त राखतो. शिवाय एसडी कार्डांचे दोन स्लॉट. ७डी ला जुन्या प्रकारचं सीएफ मेमरी कार्ड लागतं. ते आता दुकानात सहज मिळत नाही, आणि स्लॉटमधली बारीक पिन वाकली की दुरुस्ती आलीच. वजनातही फरक आहे, नुसती बॉडी ८२० ग्रॅम विरुद्ध ६९० ग्रॅम. बाकी शटर १/८००० सेकंदापर्यंत, व्ह्यूफाइंडर जवळपास शंभर टक्के, शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत, यात दोघं सारखेच.

इथवरची तुलना घरात पंख्याखाली बसून होते. पण पंधरा वर्षं वापरलेल्या वस्तूत मॉडेलपेक्षा ती वस्तू कुणाच्या हातात होती, कुठे राहिली, हे मोठं ठरतं. म्हणून विकाऊ असलेले प्रत्यक्षातले दोन कॅमेरे बघायला निघालो.

७डी इचलकरंजीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे होता. ते मिररलेसवर गेले होते आणि हा कपाटात बसून होता. बॉडी, ५५-२५० लेन्स आणि दोन बॅटऱ्या मिळून एकोणीस हजार सांगितले. कॅमेरा हातात घेतला आणि पहिल्यांदा दिसला तो गुलाल. फ्लॅश बसवायच्या हॉटशूच्या खाचेत, डायलच्या दात्यांत, स्क्रूच्या डोक्यांत, सगळीकडे गुलाबी.

"जोतिबाची यात्रा काय?" मी विचारलं.

"व्हय की. दरवर्षी चैत्रात न्यायचो. काय झालं न्हाई त्याला. बघा की चालवून, कुठं पळून चाललाय!"

आणि खरंच काही झालं नव्हतं. ७डी ची बॉडी मॅग्नेशियमची, सांध्यांना सील आहेत. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं तोंड लहान करून, रिकाम्या आकाशाचा फोटो काढून पडद्यावर मोठा करून बघितला, तर सेन्सरवर दोन-तीन ठिपके. ते पुसून जाण्यासारखे. सीएफ स्लॉटमध्ये टॉर्च मारून पिना बघितल्या, सरळ होत्या. अंगठ्याखालचं रबर मात्र सुटलं होतं. शटर काउंटचा, म्हणजे आजवर किती क्लिक झाले त्या आकड्याचा, शोध जरा किचकट: ७डी तो आकडा फोटोच्या माहितीत लिहीत नाही. लॅपटॉपला केबलनं जोडून, वेगळं सॉफ्टवेअर चालवून तो काढावा लागतो. मी लॅपटॉप घेऊनच गेलो होतो. आकडा आला एक लाख बारा हजार.

डी७००० ताराबाई पार्कात, एका निवृत्त इंजिनिअर काकांकडे. १८-१०५ लेन्ससकट वीस हजार. निकॉनचं एक बरं आहे, शटर काउंट प्रत्येक मूळ फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत, असतो. फक्त फाइल कॅमेऱ्यातून काढलेली थेट हवी. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही. आकडा निघाला तेवीस हजार. बॉडीवर ओरखडा नाही, बॉक्स, बिल, वॉरंटी कार्डसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी नातवाच्या बारशाला वापरला, त्यानंतर बॅगेतच आहे तो."

बॅगेतच आहे, हे ऐकल्यावर मी लेन्स काढली आणि मागून टॉर्च लावला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद बॅगेत, बंद कपाटात लेन्स ठेवली की हे होतंच. म्हणजे यात्रेत, वरातीत, गुलालात फिरलेला कॅमेरा धडधाकट, आणि देवघरातल्यासारखा जपलेला आजारी! वापरातल्या लेन्सला उजेड आणि वारा मिळतो, एवढंच त्याचं कारण. थोडी बुरशी असली तरी साध्या फोटोत फारसं कळत नाही, पण समोरून प्रकाश आला की सगळं चित्र धुरकट होतं. पहाटेची तालीम म्हणजे नेमकं तेच. काकांना टॉर्च लावून दाखवलं तर ते बिचारे खट्टू झाले. लेन्स नको, नुसती बॉडी घेतो म्हटलं. "विचार करून सांगतो," म्हणाले.

आता तालमीची परीक्षा. इचलकरंजीच्या दादांना थोडा इसार देऊन ७डी दोन दिवस ठेवून घेतला. काकांनी डी७००० विश्वासावरच दिला. ७डी वर दादांचीच ५० मिमी एफ/१.८ होती. डी७००० साठी मामाची आठवण झाली. मामाचा फिल्मच्या काळात स्टुडिओ होता आणि त्याच्या ट्रंकेत निकॉनची ८५ मिमी एफ/१.८डी अजून पडून होती. काच तपासली, स्वच्छ. या जुन्या डी लेन्सांमध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर स्क्रूनं फिरवून त्यांचा फोकस चालतो. निकॉनच्या स्वस्त बॉड्यांत, म्हणजे डी३००० किंवा डी५००० मालिकेत, ही मोटर नाही. तिथं अशी लेन्स हातानंच फोकस करावी लागते. डी७००० मध्ये मोटर आहे. कॅननच्या ईएफ लेन्सांत मोटर पहिल्यापासूनच, १९८७ पासून, लेन्समध्येच असते, त्यामुळे तिथं हा प्रश्न येत नाही, पण मामाच्या ट्रंकेत कॅनन नव्हता.

वस्तादांनी एकच अट घातली. "फ्लॅश मारायचा न्हाई. पोरांचं ध्यान जातंय."

दोन्ही कॅमेरे एफ/२ (लेन्सचं तोंड बरंच उघडं), आयएसओ ३२०० (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता), शटर १/२५० सेकंद असे ठेवून जोड चालू असताना आलटून पालटून फोटो काढले. ट्यूबलाइटखाली १/२५० वर एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट अंधारी, असं दोन्हींवर झालं. दिव्याची लुकलुक ओळखून शटर जुळवायची सोय कॅननने २०१४ च्या ७डी मार्क टू मध्ये आणली. या दोन्ही बुजुर्गांत ती नाही. १/१०० वर रंग स्थिर राहतो, पण पटात घुसणाऱ्या पैलवानाचे हात पुसले जातात. मी १/२५० वरच राहिलो, थोडे फोटो वाया गेले तर गेले. फोकस ७डी चा जास्त ठाम. डी७००० मधल्या पॉइंटांवर चांगला, कडेच्या पॉइंटांवर चाचपडत राहिला.

मागच्या पडद्यावर बघताना ७डी चेच फोटो उजवे वाटले. घरी कॉम्प्युटरवर रॉ उघडून सावल्या उचलल्या, म्हणजे अंधारे भाग उजळवले, तेव्हा चित्र बदललं. लाल माती, मातीनं माखलेलं अंग, मागची काळी भिंत. ७डी च्या फोटोत भिंतीवर उभे पट्टे उमटले. दाणे असते तर चालले असते, पट्टे डोळ्याला लागतात. डी७००० च्या फोटोत दाणे होते, पट्टे नव्हते, आणि मानेवरची माती कणाकणानं वेगळी दिसत होती. एक फोटो चुकून फारच अंधारा आला होता, तोही उचलता आला.

फुटबॉलचं काय, हा प्रश्न उरलाच. मी असा हिशोब केला: मैदानावर उजेड असतो, तिथं कमकुवत कॅमेऱ्यालाही वेळ साधून चालवता येतं. तालमीत उजेड आणायचा कुठून? शिवाय मामाची ८५ फुकट. काकांशी तेरा हजार पाचशेवर व्यवहार झाला, नुसत्या बॉडीचा. उरलेल्या पैशांत वापरलेली ५५-३०० व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) लेन्स घेतली. दादांचा ७डी परत करताना जरा जड गेलं. त्यांनी मात्र शांतपणे इसार परत केला. नंतर तो कॅमेरा कळंबा तलावावर पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका पोरानं घेतला. उडत्या बगळ्याच्या त्याच्या लागोपाठच्या फ्रेम बघितल्या. तसं मला या कॅमेऱ्यातून जमणार नाही.

शाहू स्टेडियमवरच्या पहिल्याच सामन्यात बफरनं इंगा दाखवला. गोलसमोर गर्दी झाली, मी बटण दाबून धरलं आणि चेंडू जाळ्यात जायच्या क्षणी कॅमेरा गप्प. आता तिथं जेपेगवर, म्हणजे लहान फाइलमध्ये, काढतो आणि कॉर्नरच्या वेळी चेंडू हवेत चढला की मगच बटण दाबतो. साडेपाचनंतर उन्हं उतरली की ३०० मिमीला एफ/५.६ च्या या लेन्सचा फोकस रेंगाळायला लागतो. त्यात दोष बॉडीपेक्षा लेन्सचाच जास्त. तालमीतल्या फोटोंचे प्रिंट काढून वस्तादांना दिले, त्यांनी एक आरशाशेजारी लावलाय.

पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणलंय. रंग बदलला की जेल कढईत मंद आचेवर गरम करून परत वापरायचं. काकांची १८-१०५ साफ करायला दिली होती, ते म्हणतात आता रोज खिडकीत ठेवतात. मी सध्या वापरलेली ७०-३०० व्हीआर शोधतोय. बघायला जाताना खिशात टॉर्च असतो.